पाकळ्यांचा अर्क एकसारखाच लाल येतो. मग संकरासाठी जोडी कशी निवडावी?

कुंडीतली बाग (प्रश्न)

नमस्कार. गेली चार वर्षे मी पिटुनिया बियांपासून वाढवते आहे आणि त्यांतली शेवटची दोन वर्षे हाताने परागीकरण करून स्वतःचे संकर करते आहे. आतापर्यंत जोड्या निवडताना मी फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर विसंबले आणि त्यामुळे बहुतेक वेळा निराशाच पदरी पडली. जांभळ्या आणि लाल फुलांच्या संकरातून मधला एखादा रंग मिळेल अशी माझी अपेक्षा होती, पण उगवलेली सव्वीसच्या सव्वीस रोपे जांभळीच निघाली. माझ्याकडे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली पांढरी रोपेही आहेत; त्यांचा आपसात संकर मी कधी केला नाही, कारण पांढऱ्यातून पांढऱ्याखेरीज दुसरे काय निघणार, असे मी गृहीत धरले होते.

या वेळी जोड्या ठरवण्याआधी पाकळ्यांतील रंगद्रव्य काढून पाहावे असे ठरवले. प्रत्येक रोपाच्या दहा पाकळ्या वेगवेगळ्या काचेच्या पेल्यांत घेतल्या, त्यांवर कोमट पाणी आणि दोन चमचे पांढरे व्हिनेगर घातले, चमच्याच्या पाठीने पाकळ्या चेचल्या आणि तासाभराने गाळून घेतले. जांभळ्या फुलाचा आणि लाल फुलाचा अर्क शेजारी शेजारी ठेवला, तेव्हा दोन्ही जवळजवळ सारखेच लाल दिसत होते. मग दोन्हींत खाण्याच्या सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने टाकले. थेंब पडला की त्याच्याभोवती निळसर कडे उमटे, ते ढवळल्यावर नाहीसे होई, आणि पुरेसा सोडा पडल्यावर सगळा पेला आधी जांभळट निळा व नंतर हिरवट झाला. सकाळपर्यंत त्या हिरव्याचा मळकट पिवळा झाला होता. पांढऱ्या फुलांच्या अर्काला रंग नव्हताच. कुतूहल म्हणून पोर्चुलाकाच्या किरमिजी फुलांचाही अर्क काढला, तर त्यात खाण्याचा सोडा घालूनही तो निळा झाला नाही.

यावरून जांभळ्या आणि लाल फुलांत एकच रंगद्रव्य आहे असे समजावे का? तसे असेल, तर रोपे इतकी वेगळी का दिसतात? आणि मुख्य म्हणजे, घरच्या घरी काढलेल्या अशा अर्कावरून संकरासाठी जोडी निवडायला खरोखर काही मदत होते का? प्रयोगाची पद्धत चुकली असेल, तर तेही स्पष्टपणे सांगावे.

गाळणकागद (उत्तर)

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर नाही. दोन अर्क व्हिनेगरमध्ये सारखे दिसले याचा अर्थ इतकाच, की दोन्हींत अँथोसायनिन गटातील रंगद्रव्ये आहेत. हा गट आम्लात लाल होतो, सौम्य आम्लात म्हणजे सामू (pH) ४ ते ६ च्या आसपास बराचसा रंगहीन होतो, त्याहून वर जांभळा-निळा होतो, आणि अल्कली वाढली की त्याचा रेणूच उघडून पिवळट पदार्थ तयार होतो. तुमच्या पेल्यातला हिरवा रंग म्हणजे अजून शिल्लक असलेला निळा आणि नव्याने तयार झालेला पिवळा यांची बेरीज होती. सकाळपर्यंत निळा संपला आणि पिवळा उरला.

फुलांत नेहमी आढळणारी अँथोसायनिडिने, म्हणजे अँथोसायनिनचे साखर वगळलेले मूळ रेणू, सहा आहेत: पेलार्गोनिडिन, सायनिडिन, पिओनिडिन, डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्व्हिडिन. यांतल्या पेट्युनिडिनाचे नावच तुमच्या रोपावरून आले आहे. रेणूच्या एका कड्यावर किती हायड्रॉक्सिल गट आहेत आणि त्यांतल्या कितींना मिथिल गट जोडलेला आहे, एवढाच या सहांमधला फरक असतो. एक हायड्रॉक्सिल असेल तर नारिंगी लाल, दोन असतील तर किरमिजी लाल, तीन असतील तर जांभळ्याकडे झुकणारी छटा येते. तीव्र आम्लात हा फरक दबतो आणि डोळ्याला सगळेच लाल दिसते. लाल पिटुनियात प्रामुख्याने सायनिडिन आणि त्याचे मिथिलयुक्त रूप पिओनिडिन असते, तर जांभळ्यात माल्व्हिडिन आणि पेट्युनिडिन. म्हणजे तुमच्या दोन पेल्यांत बहुधा दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे गट होते आणि व्हिनेगरने त्यांना एकच पोशाख चढवला होता.

हा फरक घरी उघड करण्याचा एक साधा उपाय म्हणजे तुरटी. ज्या अँथोसायनिनमध्ये दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी मोकळे असतात, त्यांना ॲल्युमिनियम धरून ठेवते आणि रंग निळ्याकडे सरकतो. सायनिडिन, डेल्फिनिडिन आणि पेट्युनिडिन यांच्यात अशी जागा असते. पेलार्गोनिडिन, पिओनिडिन आणि माल्व्हिडिन यांच्यात नसते. त्यामुळे ऐकायला विचित्र वाटेल असा निकाल मिळण्याची शक्यता आहे: लाल फुलाचा अर्क तुरटीने जांभळट होईल आणि जांभळ्या फुलाचा अर्क फारसा हलणार नाही. या चाचणीसाठी अर्क फार आंबट नको, सामू ३.५ ते ४ च्या दरम्यान हवा, कारण अधिक आम्लात ॲल्युमिनियमची पकड सुटते. अर्काचे दोन समान भाग करावेत, एकात तुरटीचे द्रावण आणि दुसऱ्यात तेवढेच साधे ऊर्ध्वपातित पाणी घालावे आणि दोन्ही पांढऱ्या कागदासमोर धरून पाहावेत. तुलनेसाठी दुसरा भाग ठेवला नाही, तर केवळ पातळ झाल्यामुळे बदललेली छटाही तुम्ही तुरटीच्या खात्यावर मांडाल.

आता पद्धतीविषयी. दहा पाकळ्या हे माप चालणार नाही, कारण पाकळ्यांचे आकार वेगवेगळे असतात. प्रत्येक वेळी २ ग्रॅम पाकळी घ्यावी, आणि तीही फक्त फुलाचा पसरट भाग. नळीचा भाग व हिरवे काहीही नको. त्याच दिवशी उमललेली फुले घ्यावीत, कारण जुन्या फुलात पेशींचा सामू आणि रंगद्रव्याचे प्रमाण दोन्ही बदलतात. पाकळ्या रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या, की पेशी फुटतात आणि चेचण्याची गरज उरत नाही. मग त्यांवर २० मिलिलिटर द्रावण घालावे: ७० टक्के अल्कोहोल आणि त्यात १ टक्का सायट्रिक आम्ल. आम्ल आधीपासूनच द्रावणात असणे महत्त्वाचे आहे. साध्या पाण्यात चेचलेली पाकळी काही मिनिटांत तपकिरी पडू लागते, कारण पेशी फुटताच आतली विकरे (एन्झाइम) रंगद्रव्यावर तुटून पडतात. बाटली झाकून फ्रिजमध्ये अंधारात १२ तास ठेवावी आणि गाळणकागदातून गाळावी. गरम करू नये. अल्कोहोलजवळ ज्योत किंवा शेगडी नसावी आणि खिडकी उघडी असावी. भांडी काचेचीच असावीत. लोखंड व ॲल्युमिनियम यांचे अंश अर्कात उतरले तर नेमकी तीच छटा बदलते, जी आपण मोजायला बसलो आहोत. नळाचे पाणीही टाळावे, कारण ते अनेकदा किंचित अल्कलीयुक्त असते. अर्क काढला की दोन दिवसांत सगळ्या चाचण्या उरकाव्यात. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, अर्काचा तर उजेडात तेवढाही टिकत नाही.

यापुढची पायरी कागदावरील वर्णलेखनाची (क्रोमॅटोग्राफीची), म्हणजे मिसळलेली रंगद्रव्ये पट्ट्यांत वेगळी करण्याची. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांतील हिरवी-पिवळी रंगद्रव्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीत वेगळी करून दाखवली आणि या तंत्राला वर्णलेखन हे नाव मिळाले. १९४४ साली त्याचे गाळणकागदावरचे रूप आले आणि घरी करण्याजोगे झाले. १५ सेंटिमीटर लांबीच्या गाळणकागदावर, खालच्या कडेपासून २ सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ ओढावी, तिच्यावर दोन्ही अर्कांचे ठिपके शेजारी शेजारी द्यावेत, प्रत्येक ठिपका वाळवून पाच-सहा वेळा पुन्हा द्यावा, आणि १ सेंटिमीटर व्हिनेगर असलेल्या झाकणाच्या बरणीत कागद उभा टांगावा. व्हिनेगर ठिपक्यांना थेट टेकता कामा नये. ते १० सेंटिमीटर चढले की कागद काढून प्रत्येक पट्टा किती चढला ते मोजावे. मात्र येथे एक मर्यादा लक्षात ठेवा: फुलात हे रेणू साखरेला जोडलेले असतात आणि पाणीदार आम्लात पट्टा किती चढतो हे मोठ्या प्रमाणात त्या साखरांवर ठरते. साखर तोडून मूळ अँथोसायनिडिन ओळखण्यासाठी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळावे लागते, आणि ते काम प्रयोगशाळेतच, जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे. घरचा कागद तुम्हाला ‘हे सायनिडिन आहे’ असे सांगणार नाही; ‘या दोन फुलांत पट्टे सारखे आहेत की वेगळे’ एवढेच सांगेल. जोडी निवडायला बऱ्याचदा तेवढे पुरते.

दुसरी पिढी (उत्तर)

मी रसायनशास्त्राकडून नव्हे, रोपांकडून या विषयात आलो, म्हणून थोडा मतभेद नोंदवतो. तुमच्या जांभळा-लाल संकराचे उत्तर कागदाच्या पट्टीपेक्षा त्या सव्वीस रोपांनी अधिक नेमकेपणाने दिले आहे. पिटुनियात तिसरा हायड्रॉक्सिल गट जोडणारे विकर ज्या जनुकामुळे तयार होते, ते प्रभावी आहे, म्हणजे त्याची एक चांगली प्रत असली तरी पुरते. लाल फुलाच्या रोपात त्याच्या दोन्ही प्रती निकामी असतात. जांभळ्या रोपात एक प्रत चांगली आणि एक निकामी असती, तर संततीत साधारण निम्मी रोपे लाल यायला हवी होती. सव्वीसच्या सव्वीस जांभळी येण्याची शक्यता मग ६ कोटी ७१ लाखांत १ इतकीच राहते. म्हणजे तुमच्या जांभळ्या रोपात दोन्ही प्रती चांगल्या आहेत, हे तुम्ही कोणताही पेला न भरता सिद्ध केले आहे. त्या सव्वीसांपैकी एकाचे स्वपरागीकरण करून बी धरा. पुढच्या पिढीत साधारण चारास एक रोप लाल निघेल आणि त्या लाल रोपांत जांभळ्या आजीचे इतर गुण, म्हणजे छटा, शिरांची जाळी, फुलाचा आकार, नव्याने वाटले गेलेले असतील. तुम्हाला हवा असलेला मधला रंग मिळालाच तर तिथे मिळेल. रंगद्रव्ये दुधात पाणी मिसळावे तशी पिढ्यांत मिसळत नाहीत. विकर असते किंवा नसते, आणि छटा त्याच्याभोवतीच्या इतर जनुकांमुळे बदलते.

पण अर्क आणि चाचण्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही, कारण एका ठिकाणी त्यांचा उपयोग अमूल्य आहे आणि ते ठिकाण तुम्ही सोडून दिले आहे: तुमची दोन पांढरी रोपे.

पांढरे फूल म्हणजे रंगद्रव्य बनवण्याची साखळी कुठेतरी तुटलेले फूल. ती कुठे तुटली आहे, ते बाहेरून दिसत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट यांनी स्वीट पीच्या दोन पांढऱ्या वाणांचा संकर केला, तेव्हा संततीतली सगळी फुले जांभळी आली आणि त्यापुढच्या पिढीत रंगीत व पांढरी यांचे प्रमाण ९:७ पडले. एका वाणात साखळीची एक कडी तुटलेली होती, दुसऱ्यात दुसरी. संकरात प्रत्येकाने दुसऱ्याची उणीव भरून काढली. त्याच काळात म्युरियल व्हेल्डेल स्नॅपड्रॅगनच्या फुलांवर हेच कोडे सोडवत होत्या आणि रंगद्रव्याचे रसायनशास्त्र व आनुवंशिकता यांना एकत्र आणणाऱ्या पहिल्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते.

तुमच्या पांढऱ्या फुलांत साखळी लवकर तुटली आहे की उशिरा, हे अमोनियाच्या वाफेने कळते. पांढऱ्या पाकळीत फ्लेव्होनॉल नावाची, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी द्रव्ये असतील, तर वाफेने ती पाकळी एक-दोन मिनिटांत लिंबासारखी पिवळी होते. फ्लेव्होनॉल तयार होतात याचा अर्थ साखळीचा पहिला भाग शाबूत आहे आणि खंड त्यापुढे आहे. पाकळी पांढरीच राहिली, तर खंड अगदी सुरुवातीला आहे. एक पांढरे फूल पिवळे झाले आणि दुसरे झाले नाही, तर त्या दोघांची जोडी नक्की लावावी. दोन पांढऱ्यांतून रंगीत फूल मिळण्याची खरी शक्यता तिथे आहे. दोन्ही पिवळी झाली तरीही संकर सोडू नका, कारण शेवटच्या भागातसुद्धा तुटण्याजोग्या कड्या एकाहून अधिक आहेत.

ही चाचणी उघड्यावर करावी. झाकणाच्या छोट्या बरणीत कापसाच्या बोळ्यावर अमोनियायुक्त सफाईच्या द्रावणाचे चार थेंब टाकावेत, पाकळी दोऱ्याने त्याच्यावर लटकवावी आणि झाकण लावावे. बरणी उघडताना तोंड बाजूला ठेवावे, वास घेऊन पाहू नये, आणि ब्लीच असलेली कोणतीही वस्तू आसपास नसावी, कारण या दोहोंच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. तुमच्या ‘पांढऱ्या’ रोपांपैकी एखादे पांढऱ्या-रंगीत चांदणीच्या नक्षीचे असेल, किंवा त्याला कधीतरी रंगीत पट्टे आलेले असतील, तर ते या कामासाठी वापरू नये. त्या नक्षीतला पांढरा भाग जनुक तुटल्यामुळे नव्हे, तर तेथे ते दाबले गेल्यामुळे येतो, आणि तापमान व उजेडाप्रमाणे तो कमी-जास्त होतो. अशा फुलाची अमोनिया चाचणी एका आठवड्यात एक आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरे सांगू शकते.

कुंडीतली बाग

दोघांचेही मनापासून आभार. पांढऱ्या फुलांविषयी वाचून मला खरोखर आनंद झाला. ज्या रोपांना मी दोन वर्षे केवळ शोभेची म्हणून बाजूला ठेवले, त्यांच्याकडेच आता सर्वांत आधी वळणार आहे. दोन शंका राहिल्या आहेत. सोड्याने अर्क निळा होतो, तर कुंडीतल्या मातीचा सामू वाढवून फूल निळे करता येईल का? आणि पोर्चुलाकाचा अर्क सोड्याने का बदलला नाही?

निळी पाकळी (उत्तर)

मातीचा सामू आणि पाकळीच्या पेशीतल्या रिक्तिकेचा (रंगद्रव्य साठवणाऱ्या पोकळीचा) सामू यांचा थेट संबंध नाही. रिक्तिकेतली आम्लता रोप स्वतः पंपांसारख्या प्रथिनांच्या मदतीने राखते, आणि कुंडीत सोडा घातल्याने फक्त मुळांची हानी होते. हायड्रेंजियाचे उदाहरण पुष्कळदा दिले जाते, पण तिथेही मातीचा सामू पाकळीपर्यंत पोहोचत नसतो. आम्लयुक्त मातीत ॲल्युमिनियम विरघळते, मुळे ते शोषतात आणि फुलातल्या डेल्फिनिडिनशी ते जोडले गेल्यावर निळा रंग येतो. म्हणूनच तेथे निळेपणासाठी माती आम्लच लागते, म्हणजे तुमच्या पेल्यातल्या अनुभवाच्या नेमके उलट.

खऱ्या अर्थाने सामूने निळे होणारे फूल म्हणजे निळी मॉर्निंग ग्लोरी. तिच्या कळीत पाकळीच्या पेशींचा सामू ६.६ च्या आसपास असतो आणि ती जांभळट लाल दिसते. फूल उमलेपर्यंत तो ७.७ च्या आसपास चढतो आणि त्याच रंगद्रव्याचा आकाशी निळा होतो. पहाटे कळी आणि पूर्ण उमललेले फूल शेजारी ठेवून पाहा. तुमच्या पेल्यातला सोड्याचा थेंब ते रोप दररोज स्वतःच्या हिशेबाने टाकत असते.

पिटुनियातही रिक्तिका आम्ल ठेवणारी जनुके ओळखली गेली आहेत, आणि त्यांपैकी एक निकामी झाले की त्याच रंगद्रव्याचे फूल अधिक निळसर दिसते. हा गुण अप्रभावी असतो. म्हणून तुमच्या जांभळ्या रोपांच्या दुसऱ्या पिढीत एखादे रोप भावंडांपेक्षा निळसर निघाले, तर त्याचा अर्क आणि एका जांभळ्या भावंडाचा अर्क एकाच आम्ल द्रावणात काढून पाहावा. आम्लात दोन्ही अगदी सारखे झाले आणि कागदावर पट्टेही सारखेच चढले, तर फरक रंगद्रव्यात नसून त्याच्या परिसरात आहे असे मानायला चांगला आधार मिळतो. पहिल्या प्रयोगात तुम्हाला खटकलेली ‘सगळे सारखेच लाल’ ही अडचण येथे तुमचे हत्यार बनते.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड विल्स्टेटर यांना निळ्या कॉर्नफ्लॉवरमध्ये आणि लाल गुलाबात सायनिडिनच सापडले आणि त्यांनी फरकाचे कारण सामू असे सांगितले. वनस्पतींतील रंगद्रव्यांवरील कामासाठी त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे धातूंच्या बंधाची कल्पना मांडली गेली आणि २००५ साली कॉर्नफ्लॉवरच्या निळ्या द्रव्याची नेमकी रचना प्रसिद्ध झाली: सहा अँथोसायनिन रेणू, सहा फ्लेव्होन रेणू, आणि त्यांना एकत्र बांधणारे लोह, मॅग्नेशियम व कॅल्शियम. एकच रंगद्रव्य, पण सोबती वेगळे. म्हणून निळ्या छटेचा पाठलाग करताना पांढऱ्या रोपांतल्या त्या न दिसणाऱ्या फ्लेव्होनॉलकडेही लक्ष द्यावे. ती अँथोसायनिनला चिकटून त्याची छटा निळ्याकडे झुकवतात. अमोनियाने गर्द पिवळे होणारे पांढरे फूल या दृष्टीनेही मोलाचे आहे.

तितकेच महत्त्वाचे म्हणजे काय शक्य नाही हे ओळखणे. पिटुनियातून गर्द केशरी फूल काढण्यात वर्षे घालवू नका. पेलार्गोनिडिनाकडे नेणाऱ्या कच्च्या द्रव्यावर पिटुनियाचे स्वतःचे विकर जवळजवळ कामच करत नाही. १९८७ साली मक्याचे जनुक घालून विटकरी रंगाची पिटुनिया तयार करण्यात आली, आणि २०१७ साली फिनलंडमध्ये विक्रीस असलेल्या केशरी पिटुनियांत तसेच बाहेरचे जनुक आढळल्यावर अनेक देशांत ती रोपे बाजारातून मागे घ्यावी लागली. असे केशरी रोप हाती आले, तर ते संकरात वापरू नये.

गुलबक्षी (उत्तर)

पोर्चुलाकाविषयी थोडक्यात लिहिते. त्या फुलात अँथोसायनिन नसतेच. पोर्चुलाका, गुलबक्षी, बोगनवेल, कोंबडा आणि त्यांच्या बऱ्याच नातलगांत बीटालेन हा अगदी वेगळा, नायट्रोजनयुक्त गट असतो, आणि आजवर एकाही वनस्पतीत हे दोन्ही गट नैसर्गिकरीत्या एकत्र आढळलेले नाहीत. किरमिजी बीटालेन सामू ३ ते ७ मध्ये फारसे हलत नाही; खाण्याच्या सोड्याच्या सौम्य अल्कलीत ते निळे-हिरवे होत नाही, पण धुण्याच्या सोड्याच्या तीव्र द्रावणात पिवळे पडते. अँथोसायनिन आणि बीटालेन वेगळे ओळखायला ही चाचणी पुरेशी आहे. ती करताना हातमोजे घालावेत.

पिवळ्या फुलांबाबत मात्र रंगावर मुळीच विश्वास ठेवू नका. पोर्चुलाकाचा पिवळा बीटालेनचा असतो आणि निळ्या किंवा अतिनील उजेडात हिरवट चमकतो. झेंडूचा पिवळा कॅरोटिनॉइडचा, म्हणून तो पाण्यात उतरत नाही. अल्कोहोलचा अर्क थोडे पाणी आणि चमचाभर खाद्यतेल घालून हलवला, की पिवळा तेलाच्या थरात चढतो. डेलियाचा पिवळा तिसऱ्याच प्रकारचा असतो: तो पाण्यात राहतो आणि अमोनियाच्या वाफेने नारिंगी-लाल होतो. तिघांचा पिवळा डोळ्यांना सारखाच दिसतो, पण तो तीन वेगळ्या साखळ्यांतून आलेला असल्यामुळे आनुवंशिकतेत तिघे तीन प्रकारे वागतात.

कुंडीतली बाग

आपल्या सूचनांप्रमाणे सगळे पुन्हा केले आणि निकाल कळवते आहे. गोठवलेल्या पाकळ्यांचा अर्क पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी गडद आणि स्वच्छ आला. तुरटी घातल्यावर लाल फुलाचा अर्क शेजारच्या भागाच्या तुलनेत स्पष्टपणे जांभळट झाला आणि जांभळ्या फुलाचा जवळजवळ तसाच राहिला, जसे वर लिहिले होते. कागदावर लाल फुलाचे दोन पट्टे आणि जांभळ्याचे तीन पट्टे दिसले व त्यांपैकी एकही एका उंचीवर नव्हता.

अमोनियाच्या बरणीत पहिल्या पांढऱ्या रोपाची पाकळी कडेपासून आत पिवळी होत गेली. शिरा आधी उठून दिसल्या आणि मग मधली जागा भरली. बाहेर हवेत धरल्यावर काही वेळाने ती पुन्हा पांढरट झाली. दुसऱ्या रोपाची पाकळी पाच मिनिटांनंतरही पांढरीच होती. मी तीन वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या फुलांवर हेच करून पाहिले आणि तिन्ही वेळा निकाल सारखाच आला. दोघांचा संकर दोन्ही बाजूंनी करणार आहे. किती रोपे वाढवावी लागतील?

दुसरी पिढी

फार चांगली बातमी आहे, आणि तीन दिवस पुन्हा पुन्हा तपासल्याबद्दल विशेष अभिनंदन.

पहिल्या पिढीसाठी दहा-बारा रोपे पुरेत. मात्र विकत आणलेली रोपे बहुधा आधीच संकरित असतात, म्हणून त्यांत काही रंगीत आणि काही पांढरी निघाली तरी गोंधळून जाऊ नये. रंगीत रोपांपैकी एकाचे स्वपरागीकरण करून दुसरी पिढी घ्यावी, आणि तिथे किमान ४० रोपे हवीत: ९:७ च्या हिशेबाने सुमारे २२ किंवा २३ रंगीत यावीत, आणि एकच कडी तुटलेली असेल तर ३:१ च्या हिशेबाने ३०. दहाच रोपे वाढवली तर या दोन प्रमाणांतला फरक ओळखू येणार नाही. तुमच्या जांभळ्या-लाल ओळीत केवळ एखादे लाल रोप हवे असेल, तर ११ रोपांत ते मिळण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून अधिक आहे; पण लाल आणि त्याच वेळी आणखी एक अप्रभावी गुण हवा असेल, तर तेवढ्याच खात्रीसाठी ४७ रोपे लागतात.

संकर करताना मादी म्हणून निवडलेल्या फुलाचे पाचही परागकोश कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी काढावेत. पाकळ्यांची गुंडाळी अजून सुटलेली नसते, पण रंग भरत आलेला असतो, ती वेळ योग्य. कळी सुईने बाजूने उभी चिरली, की पुंकेसर चिमट्याने सहज निघतात. परागकोश फुटून पिवळट किंवा निळसर भुकटी दिसत असेल, तर ती कळी सोडून द्यावी. दुसऱ्या दिवशी कुक्षी ओलसर व चकचकीत दिसली की पराग लावावा, पातळ कापडाची पिशवी बांधावी आणि देठाला दोन्ही पालकांची नावे व तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी. मादीचे नाव नेहमी आधी. बोंड तपकिरी होऊन टोकाशी फुटू लागण्याच्या आतच काढावे. बी अतिशय बारीक असते, एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० दाणे, त्यामुळे बोंड पांढऱ्या कागदावरच फोडावे. पेरताना बी मातीने झाकू नये, कारण उगवण्यासाठी त्याला उजेड लागतो.

एक गोष्ट आधीच करून ठेवा. दोन्ही पांढऱ्या रोपांच्या फांद्यांची कलमे लावून ठेवा, म्हणजे दुसऱ्या पिढीतल्या पांढऱ्या रोपांची अमोनिया चाचणी कराल, तेव्हा शेजारी ताडून पाहायला मूळ पालकांची ताजी पाकळी हाताशी असेल. त्या पिढीतली पांढरी रोपे पिवळी होणारी आणि न होणारी अशी वेगळी मोजून ठेवा. अपेक्षित प्रमाण सोळांत नऊ रंगीत, तीन पिवळी होणारी पांढरी आणि चार न बदलणारी पांढरी असे आहे.